चार्ज

खैरनार सर, ही कपाटाची किल्ली.
दार जरा वर उचलायचं, मग फिरवायची,
नाहीतर दगूमामांना हाक मारावी लागते
आणि ते येतात, पण आधी चहा संपवतात.
त्यांची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या.
मुख्याध्यापकांची नंतर होईलच.

यादी अशी: नकाशे सहा.
महाराष्ट्राचा नाशिकपाशी फाटलाय,
सोळा वर्षं प्रत्येकानं तिथंच बोट ठेवलं,
आपण इथं, बाई, आपण इथं.
चिकटपट्टी लावू नका.
लाकडी मीटरपट्टी एक. आढळली नाही.

बाकीचं यादीत बसत नाही, तोंडी सांगते.

नववी ब म्हणजे निम्मं श्रमिकनगर.
शाळेच्या घंटेआधी कंपनीचा भोंगा ऐकून वाढलेली पोरं.
दुसऱ्या बाकावरचा बेंडकुळे झोपतो.
पहिल्या तासाला उठवू नका,
पहाटे चारपासून मार्केट यार्डात
कोथिंबिरीच्या जुड्या मोजत असतो.
शेकड्यानं मोजतो, एक चुकत नाही.
प्रगतिपुस्तकात लिहिलंय: गणित कच्चं.
अक्षर माझंच आहे.

अल्फिया फळ्यापाशी येणार नाही. हट्ट नको.
तिची वही मागच्या पानापासून उघडा.

एक जुनी गोष्ट सांगते, मग सही करा.
माझं दुसरं वर्ष. एका पोरानं बाकावर
करकटकानं माझं आडनाव कोरलं होतं,
गांगूर्डे, गु दीर्घ.
मला राग नेमका कशाचा आला, आज सांगता येत नाही.
चिठ्ठी दिली: वडिलांना आण, तरच वर्गात बस.

वडील आले अकरा वाजता, निळ्या शर्टात,
नखांत ग्रीस, अर्ध्या दिवसाचा खाडा करून.
खुर्ची होती. मी बसा म्हटलं नाही.
अठ्ठेचाळीस पोरांदेखत बोलत राहिले.
त्यांनी हात जोडले.
पोरगा माझ्याकडे बघत नव्हता,
त्या हातांकडे बघत होता.

दहावीपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.
माझ्या विषयात चांगला पास झाला.
मला मेलीला त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मीच जाते. पावणेतीनला, कंपनीच्या गेटवर,
पाळी बदलायच्या आत. टपरीवर कटिंग सांगते,
पैसे ते देतात, देऊ देते.
आधी पोराची एक चांगली गोष्ट सांगायची.
नसेल तर शोधायची.
नाहीच सापडली तर त्या दिवशी जायचं नाही.

फेब्रुवारीत कुणीतरी द्राक्षांचं खोकं आणेल.
नाही म्हणू नका, घरीही नेऊ नका.
वर्गात उघडा. बिया मोजायच्या राहू द्या,
त्या तासाला धडा होत नाही.

आणि हो, स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची देवरे सरांची.
बसलात तर काही म्हणणार नाहीत,
दिवाळीपर्यंत काहीच म्हणणार नाहीत.
मी त्यांना घाबरून होते एकोणीस वर्षं,
मग एकदा म्हटलं, माझा तास बघाल का?
शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले,
संध्याकाळी कागद दिला, एकच ओळ:
बाई, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही देता,
मधे सात आकडे मोजा.

मोजते अजून. पाचावर
कुणाचा तरी हात वर येतो, अर्धाच,
कान खाजवल्यासारखा.
तो हातच आहे असं समजायचं.

काय सांगत होते?
सही. इथं. पेन्सिलनं नको.
'सर्व वस्तू मिळाल्या' असं लिहायची पद्धत आहे.
नाही मिळाल्या, मला माहीत आहे,
मलाही नव्हत्या मिळाल्या.

मीटरपट्टी बेंडकुळेकडे असेल.
मागू नका.
काय मोजतोस एवढंच विचारा,
आणि मग, सर,
सात.